अकराशे एकची ओवाळणी

"हे पैसे तुमचे स्वतःचेच ना?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "माझ्या भावाने दिलेत. ओवाळणी."

ओवाळणी हा शब्द मी मराठीतच म्हणाले. माझं सगळं इंग्रजी अवधूतच्या शाळेच्या पुस्तकांतून आलेलं. त्याचा अभ्यास घेता घेता त्याच्याहून मीच जास्त शिकले. पण त्या पुस्तकांत ओवाळणी कुठे नव्हती.

बाईच्या छातीवर डोलोरेस अशी पाटी होती. वयाने माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असावी. नखं हिरवीगार, चष्मा साखळीला लटकवलेला. तिने मला वरून खालपर्यंत पाहून घेतलं. अंगावर इरकल, त्यावर भावाचं जाकीट, साडीखाली बूट. मग डोक्यावरच्या फलकाकडे पेनने खूण केली. दुसऱ्या कुणासाठी पैज लावणं हा गुन्हा आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

"विचारावं लागतं, हनी," ती म्हणाली.

"माझेच आहेत. बहिणीला दिले की ते बहिणीचे."

तिने मान डोलावली आणि सामना कुठला ते विचारलं. मी मुठीतली चिठ्ठी वाचून दाखवली. दोनशे त्रेसष्ट नंबर, उणे सात, अकराशे. अवधूतने गाडीत हे माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतलं होतं, जसा कधीकाळी मी त्याच्याकडून तेराचा पाढा म्हणून घ्यायची. दोनशे त्रेसष्ट म्हणजे निळ्या कपड्यांचा संघ. खेळ तो लांबट चेंडूचा, ज्यात पायापेक्षा हात जास्त चालतात आणि तरी त्याला फुटबॉल म्हणतात. निळ्यांनी नुसतं जिंकून भागणार नव्हतं, सातपेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवं होतं. एवढं मला समजलं होतं. बाकीचं समजून घ्यायची माझी इच्छाही नव्हती.

"अकराशे, हजार जिंकायला," डोलोरेसने मोठ्याने म्हटलं आणि यंत्रातून कागद बाहेर आला. "नीट वाचून घ्या. खिडकीपासून हललात की बदल नाही. आणि हरवू नका. ज्याच्या हातात कागद, त्याचे पैसे."

मी कागद पर्समध्ये ठेवला. काचेच्या दारापलीकडे, समुद्राच्या बाजूला लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता आहे. तिथल्या एका बाकावर माझा भाऊ पाठमोरा बसला होता. त्याला आत यायला बंदी होती. ती त्याने स्वतःच स्वतःवर घालून घेतली होती.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. अवधूत माझ्याहून बारा वर्षांनी लहान. बाबा लवकर गेले, आई मिरजेच्या एका इस्पितळात आया होती, म्हणून तो माझ्याच हातावर वाढला. मी घरी ब्लाउज शिवायची आणि पायाने मशीन चालवता चालवता त्याला कविता पाठ करायला लावायची. तो इंजिनिअर झाला, अमेरिकेत गेला, ऋजुतासारखी समजूतदार मुलगी त्याला मिळाली. बाळाची चाहूल लागल्यावर आपल्या लोकांत होतं तसं झालं, म्हणजे पाळ्या लागल्या. व्हिसा कुणाला आधी मिळतो, कुणाचे गुडघे चालतात, हे बघून ठरलं की पहिली पाळी माझी. बाळंतपण उरकून मी परत यायचं आणि मग ऋजुताच्या आईने जायचं. त्या नाशिकला पोस्टमास्तर होत्या, निवृत्त झालेल्या. इंग्रजी फाडफाड. "आई आली की तिला काही शिकवावं लागणार नाही," असं ऋजुता म्हणाली आणि मग जीभ चावली, कारण मला मायक्रोवेव्ह शिकवून ती नुकतीच दमली होती.

पहिल्याच आठवड्यात कपड्यांच्या घड्या घालताना तिने मला सगळं सांगितलं. अवधूत खेळांवर पैसे लावायचा. आधी मित्रांबरोबर गंमत म्हणून, मग एकटा. दोन वर्षांची शिल्लक गेली तेव्हा तिला कळलं. मार्च महिन्यात ती त्याला सरकारी कचेरीत घेऊन गेली. तिथे एक यादी असते. ज्याला स्वतःला आवरत नाही तो तिच्यात आपलं नाव आपणहून घालतो, फोटो देतो. मग त्या राज्यातल्या कुठल्याही कसिनोत त्याला पाय ठेवता येत नाही, फोनवरूनही खेळता येत नाही. आत सापडला तर पोलीस. अवधूतने पाच वर्षांसाठी सही केली होती.

"पुन्हा एकदा जरी झालं ना अक्का," ऋजुता म्हणाली, "तर मी बाळाला घेऊन आईकडे जाईन. कायमची. त्याला तसं सांगितलंय. रागाने नाही, शांतपणे सांगितलंय."

मला त्या शांतपणाचीच भीती वाटली. तिने हातातलं झबलं चारदा उलगडलं आणि चारदा घडी केलं.

पण अवधूत खरंच सुधारलेला दिसत होता. भांडी घासायचा, ऋजुताचे पाय चेपायचा. फक्त रविवारी दुपारी तो घरभर फिरायचा. बसायचा नाही. डिंकाचे लाडू वळताना मी त्याला म्हटलं, इकडे ये, हात लाव जरा. तर त्याने दोन लाडू वळले आणि तिसरा हातातच धरून खिडकीबाहेर बघत राहिला. लाडू पार मऊ होऊन बोटांमधून खाली यायला लागला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

तिकडे सगळे सण रविवारी येतात. पंचांगात कधीही असोत, सुट्टी बघून साजरे होतात. भाऊबीजही रविवारी सकाळी केली. अवधूत पाटावर बसला, मी त्याला टिळा लावला, सुपारी आणि अंगठीने ओवाळलं. त्याने ताटात पाकीट ठेवलं. जाड होतं. मी उघडत नव्हते, तर ऋजुताच म्हणाली, बघा तरी. अकराशे एक डॉलर निघाले. इतकी वर्षं तो पाचशे एक रुपये द्यायचा, अमेरिकेत गेल्यावर पाच हजार एक. मी म्हटलं, एवढे कशाला रे. तो म्हणाला, अक्का, तू माझ्यासाठी जे केलंस त्याचं व्याजसुद्धा नाही हे.

ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आत नेऊन हळूच म्हणाली, "ठेवून घ्या. तुमच्याकडे राहिलेले बरे. त्याला हातातून पैसे सोडता येतात, हेच मला बघायचं होतं."

मग तो म्हणाला, अक्काने अजून समुद्र पाहिला नाही, तिला घेऊन जातो. समुद्र म्हणजे कुठला ते ऋजुताला लगेच कळलं. तिथे किनाऱ्याला लागून ओळीने कसिनो आहेत. तरी ती म्हणाली, "जा. तिथे गेला तरी त्याला दारातून आत घेणार नाहीत. आणि अक्का आहेत की बरोबर."

दोन तासांचा रस्ता. अर्ध्यावर आल्यावर त्याने मला सांगितलं. आधी बराच वेळ तो काहीतरी वेगळंच बोलत होता, मिरजेच्या तालमीतल्या कुस्त्यांबद्दल वगैरे, आणि मी हसत होते. मग त्याच सुरात म्हणाला की आज एक सामना आहे.

"कुणाचं देणं आहे का तुझ्यावर?" मी विचारलं.

"नाही गं. एक पैसा नाही. आईची शपथ."

"मग?"

"मग काही नाही. आज कोण जिंकणार ते मला माहितीये, एवढंच." त्याने गाडी चालवतानाच उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली. "आठ महिने मी काही केलं नाही अक्का. आठ महिने मी फक्त ते न करणं, एवढंच करतोय. ऑफिसात तेच, जेवताना तेच. एकदा झालं की सुटेन. आणि मी कुठे लावतोय? पैसे तुझे, जाणार तू, सही माझी मोडत नाही."

आता कुणी म्हणेल, बाई, तुला कळलं नाही का. कळलं की. पण मी चाळीस वर्षं चतुर्थी करणाऱ्या घरातली. उपास म्हणजे खायचं नाही. पण साबुदाणा चालतो, वरी चालते, बटाट्याला मुळीच हरकत नाही. नियम मोडायचा नाही आणि पोटही भरायचं, ही विद्या आम्हाला पाळण्यातच मिळते. मला वाटलं, खरंच, पैसे माझे. हरले तर माझे हरले. पाप असेलच तर ते माझ्या नावावर जाईल, आणि हा त्यातून कोरडा बाहेर येईल. लहानपणी त्याने शेजारच्यांची काच फोडली तेव्हाही मी फोडली असं सांगितलं होतं. आईने मला मारलं, तो दाराआड उभा राहून रडला, आणि पुढच्या आठवड्यात त्याने दुसरी फोडली. ही दुसरी काच मला त्या दिवशी आठवायला हवी होती.

तर मी पैसे लावून बाहेर आले आणि बाकावर त्याच्याशेजारी बसले. वारा असा की साडीचा पदर दोन वेळा एका जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर गेला. अवधूतने फोनवर सामना लावला. बघायला बंदी नव्हती. इअरफोनची एक गोळी त्याने स्वतःच्या कानात घातली, एक माझ्या.

पुढचे तीन तास मी त्या खेळाकडे पाहिलंच नाही, त्याच्याकडे पाहिलं. गोवर आला होता तेव्हा तो असाच माझा हात धरून बसायचा, घट्ट, पण धरलाय हे त्याला माहीत नसल्यासारखा. निळे पुढे गेले की त्याचा हात गरम व्हायचा, मागे पडले की गार. चेहरा मात्र लख्ख झाला होता. आल्यापासून महिनाभर मी त्या घरात ज्याला जेवायला वाढत होते तो कुणी दुसराच होता. माझा भाऊ आज भेटत होता. याचं मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

निळे बारा गुणांनी जिंकले.

तो ओरडला नाही. डोळे मिटून त्याने श्वास सोडला. पाच मिनिटं, फार तर सहा मिनिटं तो अगदी शांत बसला. मी मनात म्हटलं, सुटला. मग त्याने डोळे उघडले आणि खिशातून दुसरी चिठ्ठी काढली.

"सव्वाचारचा सामना आहे. आता पळ, वीस मिनिटं आहेत. सगळे लाव."

"तू म्हणालास एकदाच."

"अक्का, एकदाच म्हणजे आज. आजचा दिवस." तो माझ्याकडे बघतही नव्हता, दाराकडे बघत होता. "जा गं. तुझेच आहेत ना?"

चिठ्ठी आधीच लिहिलेली होती. अक्षर घरातलं, घाईचं नव्हतं.

आत रांग होती. माझ्यापुढे तीन माणसं. पहिला म्हणाला, एकशे दहा. दुसऱ्याने म्हटलं, पाचशे पन्नास. तिसरा, टोपी घातलेला म्हातारा, त्याने नोटा पुढे सरकवल्या आणि म्हणाला, अकराशे.

माझा नंबर आला. मी तिकीट दिलं. डोलोरेसने एकवीसशे डॉलर मोजून ठेवले. मला म्हणाली, तुमच्या भावाची भेट फळली.

मी विचारलं, "सगळे लोक असे विचित्र आकडे का लावतात? एकशे दहा, अकराशे."

"विचित्र नाहीत, हनी. शंभर जिंकायचे तर एकशे दहा लावावे लागतात. हजार जिंकायचे तर अकराशे. वरचे दहा टक्के घराचे, म्हणजे कसिनोचे. इथे येणारा प्रत्येक जण हा हिशोब झोपेत करतो."

माझ्या पर्समध्ये सकाळच्या पाकिटातली एक डॉलरची नोट तशीच होती. तेवढी लावली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. अकराशे एक. मला वाटलं होतं, प्रेमाने आकडा मोठा केला आणि वर शकुनाचा एक ठेवला. पाटावर बसून त्याने ताटात पैसे ठेवले तेव्हाच, माझ्या हातात निरांजन असताना, सामना ठरलेला होता. त्यात माझी ओवाळणी म्हणाल तर एक डॉलर.

"लावायचे आहेत का आणखी?" डोलोरेसने विचारलं. मागे माणसं उभी होती.

मी चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली नाही. म्हणाले, "तुमच्याकडे एक यादी असते. आपलं नाव आपणच घालायची. ती कुठे मिळेल?"

तिने चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून काचेच्या दाराकडे. तिला बाक दिसलं असेल का, मला ठाऊक नाही. तिने खिडकीवर बंदची पाटी लावली, रांगेतले लोक कुरकुरले, आणि ती मला स्वतः एका आतल्या खोलीत पोचवून आली. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

खोलीत एक जाडगेला, सभ्य माणूस होता. त्याने फॉर्म काढला.

"गेल्या वर्षभरात किती वेळा खेळलात?"

"एकदा."

"कधी?"

"आज दुपारी."

"किती हरलात?"

"जिंकले."

त्याने पेन खाली ठेवलं. बारा वर्षं तो त्या खुर्चीत बसत होता, म्हणाला, पण जिंकून आलेलं माणूस पहिल्यांदाच बघतोय. मग पुन्हा पेन उचललं, कारण पुढचा प्रश्न फॉर्ममध्येच होता. "तुम्हाला स्वतःला थांबवता येत नाही असं वाटतं का?"

"नाही थांबवता येत," मी म्हणाले. हे मात्र खरं होतं.

मुदतीचे रकाने तीन. एक वर्ष, पाच वर्षं, जन्मभर. वडाला फेऱ्या मारणाऱ्या बाईला सात जन्मांचा रकाना राहून गेलाय असं वाटलं असतं. मी जन्मभरावर खूण केली आणि प्रमिला अशी सही केली. त्याने माझा फोटो काढला. भाऊबीजेची इरकल, मोठं कुंकू, नाकात नथ. त्या यादीत नथ घातलेली मी एकटीच असणार.

बाहेर आले तर अवधूत बाकावरून उठून उभा होता. "लागले?"

"नाही. मी नाव घातलं. आता मलाही आत घेणार नाहीत."

मला वाटलं चिडेल, तेव्हा निदान भांडता येईल. पण त्याने विचारलं, "किती वर्षांसाठी?"

"जन्मभर."

तो हसला. खरंच हसला. "माझ्यापुढे गेलीस की अक्का. माझं पाचच वर्षांचं आहे." मी पैसे पुढे केले तर त्याने हात मागे घेतला. "मला पैसे नको होते गं. ते तुझेच." मग आपला मफलर काढून माझ्या कानांभोवती गुंडाळला, गाठ मारली, आणि म्हणाला, गार वारा बाधेल तुला. मला एकदम रडू आलं. त्याच्यासाठी मी काय करू शकते ते सगळं करून संपलं होतं, आणि तो माझी काळजी घेत होता.

घरी पोचलो तेव्हा ऋजुता दारातच उभी होती, एक हात कमरेवर, एक पोटावर.

"कसा होता समुद्र, अक्का?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. वाक्य तयारही होतं. ती सामान बांधेल, हेही दिसत होतं, आणि तिच्यामागे भिंतीला टेकून ठेवलेला, अजून न जोडलेला पाळणाही दिसत होता. अवधूत माझ्या मागे उभा राहून बूट काढत होता. त्याने बूट काढणं थांबवलं होतं.

"मोठा होता," मी म्हणाले.

डिसेंबरात बाळ झालं, मुलगी. मी सव्वा महिना न्हाऊ-माखू घातलं, जिंकलेल्या पैशांतून तिला वाळे केले, उरलेले तिच्याच नावाने ठेवले आणि पाळी संपवून मिरजेला परतले. विमानतळावर जाताना अवधूतशी एकटीने बोलायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, अक्का, मी त्या दिवसानंतर विचारही केला नाही. मी विश्वास ठेवला. मला दुसरं काय ठेवता येत होतं?

आठ-पंधरा दिवसांनी एका रविवारी मी फोन केला. ऋजुताचा आवाज छान, भरलेला होता. बाळ मान धरतंय, दूध नीट पितंय. तिची आई येऊन आठवडा झाला होता.

"कशा आहेत त्या?" मी विचारलं.

"मजेत. आज अवधूत तिला समुद्र दाखवायला घेऊन गेलाय. मी म्हटलं, या थंडीत कशाला, तर म्हणे त्यांनी अजून पाहिला नाही."

मी पलंगावर बसले. मग, माझा आवाज कुणा दुसऱ्याचा असावा तसा, मी विचारलं, "त्याने काही दिलं का गं त्यांना? आल्याबद्दल, म्हणून काही?"

"तुम्हाला कसं कळलं?" ती हसली. "साडीसाठी म्हणून सकाळी पाकीट दिलं. आई तर नकोच म्हणत होती. अकराशे एक. अक्का, जावई असावा तर असा, म्हणते."

पलीकडे बाळ रडायला लागलं.

"थांबा हं अक्का, आलेच मी," ऋजुता म्हणाली.

मी थांबले.